नवा कागद खाली

बोळिंज, विरार (पश्चिम)
११ ऑगस्ट २००३

श्रीमती पॉलिन तुस्कानो यांस,

दीड वर्षात आपल्यात पत्रव्यवहार झालेला नाही. तेव्हा हे पत्र कशासाठी आहे, ते आरंभीच सांगते. माझा मुलगा कौस्तुभ याने जुलै २००१ ते फेब्रुवारी २००२ या काळात गास येथील तुमच्या चित्रवर्गात काढलेली चित्रे तुमच्याजवळ आहेत. ती मला हवी आहेत.

मागणीचा आधार असा. कौस्तुभ एकतीस वर्षांचा असला तरी त्याच्या औषधांपासून जेवणापर्यंतची जबाबदारी माझ्यावर आहे. डॉक्टरांनी त्याला तुमच्याकडे पाठवले ते विरंगुळा म्हणून नव्हे, नैराश्यावरील उपचाराचा भाग म्हणून. उपचाराचे कागद रुग्णाच्या घरी असावेत ही अपेक्षा वाजवी आहे. चित्रे घरी न्यायची नाहीत, हा तुमचा नियम मला ठाऊक आहे. परंतु तो वर्गाचा नियम होता, आणि वर्ग आता नाही. ज्यासाठी नियम केला तेच उरले नसेल, तर नियम कशाच्या आधारावर उभा राहील?

तुमचा नाशिकचा पत्ता तुमच्या भावाने दिला. देताना तो फार खुशीत नव्हता.

कौस्तुभची प्रकृती स्थिर आहे. हा शब्द मी विचारपूर्वक वापरते. तो वेळेवर उठतो, सांगितल्यावर आंघोळ करतो, पानात वाढलेले संपवतो. मधूशी, म्हणजे आमच्या वाडीत चाळीस वर्षे काम करणाऱ्या गड्याशी, तो क्वचित दोन शब्द बोलतो. माझ्याशी गेल्या दीड वर्षात एकही वाक्य बोललेला नाही. डॉक्टरांचे म्हणणे, त्याने पुन्हा रंग हाती घेतले तर काही आशा धरता येईल. मी दोनदा रंग आणून त्याच्या टेबलावर ठेवले. बाटल्यांची झाकणेसुद्धा उघडली गेली नाहीत. स्वतःची जुनी चित्रे समोर आली, तर कदाचित तो तेथून पुढे सुरू करील, असा माझा तर्क आहे. याखेरीज माझ्याजवळ दुसरा तर्क नाही.

घरामागचे बावखल, वाडीतले ते जुने तळे, त्या फेब्रुवारीत बुजवण्यात आले, हे तुम्ही जाणताच. त्याचा या मागणीशी संबंध नाही.

आपली,
यमुना चुरी


बोळिंज
२ सप्टेंबर २००३

श्रीमती पॉलिन तुस्कानो यांस,

तुमचे कार्ड मिळाले. "मॅडम, चित्रं कौस्तुभची आहेत. तुमची नाहीत, माझीही नाहीत. आणि बावखलाचा संबंध आहे." तीन वाक्ये. कनिष्ठ महाविद्यालयात मी तुम्हाला दोन वर्षे तर्कशास्त्र शिकवले. तेव्हा तुमची उत्तरे याहून लांब आणि याहून कमी नेमकी असत. छत्तीस गुण दिल्याचे स्मरते.

संबंध आहे असे तुमचे म्हणणे आहे, म्हणून माझा युक्तिवाद पूर्ण मांडते. तो कोठे चुकतो ते दाखवावे. दाखवता आले नाही, तर चित्रे पाठवावीत.

तुमच्या वर्गाविषयी माझे मत प्रथमपासून प्रतिकूल होते, असा तुमचा समज असेल. तो बरोबर नाही. तुमच्या वडिलांची ती केळी पिकवायची खोली, भिंतींना मुरलेला धुराचा वास, चटयांवर बसलेली सात माणसे, हे सारे मी कोणताही पूर्वग्रह न ठेवता पाहिले. त्यांतल्या सालोमीआजी मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "टीचर, तुमी पन बसा. रंग काय चावत नाय." मी बसले नाही. मग तुम्ही नियम सांगितलेत. चित्राला कोणी चांगले किंवा वाईट म्हणायचे नाही, त्याचा अर्थ लावायचा नाही, त्यावर तारीख घालायची नाही. "इथे कोणी पास होत नाही, मॅडम. नापास पण नाही. तुम्हालाच जड जाईल," असे तुम्ही म्हणालात आणि सगळे हसले. कौस्तुभही हसला. त्या एप्रिलमध्ये त्याला ज्या कारणासाठी दवाखान्यात हलवावे लागले, त्यानंतरचे ते त्याचे पहिले हसणे होते. मी ते लक्षात ठेवले.

१३ डिसेंबरला मी त्याला न्यायला नेहमीपेक्षा लवकर पोहोचले. तुम्ही घरात चहा करत होता. तो इतरांबरोबर विहिरीवर ब्रश धूत होता. त्याची फाइल फळीवर होती. चित्रे माझ्या नजरेस पडली. एकोणीस चित्रे होती, आणि सगळी आमच्या बावखलाची. सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत पहिल्या कागदावर काठ होता, काठावर बसलेला एक माणूस होता आणि त्याच्यासमोर फिकट निळे पाणी होते. पुढच्या कागदांवर पाणी पसरत आणि काळवंडत गेले. काठ अरुंद झाला. माणूस लहान होत होत नाहीसा झाला. सर्वांत वरचा कागद या कडेपासून त्या कडेपर्यंत काळा होता. त्यावर दुसरे काही नव्हते.

याला घरातल्या निरीक्षणाची जोड होती. तो रोज दुपारी बावखलाच्या काठावर तासभर बसत असे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्याची पाठ दिसे. एप्रिलची घटना तर कोणीच नाकारू शकत नाही. ज्याने एकदा जीव द्यायचा प्रयत्न केला आहे, जो रोज खोल पाण्याशी बसतो, आणि ज्याच्या चित्रांत ते पाणी आठवड्यागणिक वाढून अखेर माणसाला गिळते, तो कोणत्या दिशेने चालला आहे? या प्रश्नाचे दुसरे उत्तर मला सापडले नाही. विहिरीच्या तोंडावर जाळी बसवता येते. बावखलावर येत नाही.

मी जवळजवळ दोन महिने विचार केला. समोरच्या रस्त्यापलीकडे इमारतीचा पाया खणत होते आणि कंत्राटदार माती टाकायला जागा शोधत होता. ७ फेब्रुवारीच्या गुरुवारी तुम्ही सर्वांना दिवसभर राजोडीच्या किनाऱ्यावर चित्रे काढायला नेणार होता, हे मला आधीपासून ठाऊक होते. कौस्तुभ साडेसातला निघाला. पहिला डंपर आठला आला.

मधूने तेवढे एकदा मला अडवले. "बाय, पोराला इचारलं काय?" मी म्हटले, त्याच्याच भल्यासाठी आहे. तो म्हणाला, "भल्याचं नाय इचारत मी. पोराला इचारलं काय, ते इचारतो." मी त्याला कामाला लावले.

त्यानंतर मी डॉक्टरांना आठ परिच्छेदांचे पत्र लिहिले, की इतकी उघड धोक्याची खूण डोळ्यांसमोर असूनही चित्रवर्ग चालवणारीने ती पालकांना कळवली नाही. त्यांनी तुमच्याकडे रुग्ण पाठवणे थांबवले. पुढे वर्ग बंद पडला. तो परिणाम होता. माझा हेतू नव्हता.

युक्तिवाद येथे संपतो. तुमच्या उत्तराची वाट पाहते.

यमुना चुरी


बोळिंज
२९ सप्टेंबर २००३

पॉलिन,

"मॅडम, आमच्याकडे नवा कागद खाली जातो. फाइल उघडली की पहिल्या दिवसाचं चित्र आधी दिसावं, म्हणून."

युक्तिवाद कोठे चुकतो ते दाखवावे, असे मी लिहिले होते. तू दाखवलेस.

कार्ड आले त्या दिवशी मी एकोणीस कोऱ्या कागदांची चवड घेऊन बसले. प्रत्येकावर मला आठवले तसे दोन-तीन शब्द लिहिले: माणूस, काठ आणि नारळ, काठ, कडेला रेघ, काळे, काळे. मग ती चवड उलटी करून वाचली. जुलैमध्ये सगळा कागद काळा होता. ऑगस्टच्या सुमारास एका कडेला काठ आला. पाणी मागे हटत गेले, त्यातला काळा रंग उतरत गेला. दिवाळीनंतर कधीतरी काठावर एक माणूस येऊन बसला. जे चित्र मी त्याचे पहिले, अजून बुडाला नव्हता तेव्हाचे म्हणून धरले, ते त्याचे तोपर्यंतचे शेवटचे होते.

महाविद्यालयात तीस वर्षे मी फायली हाताळल्या. जुना कागद तळाशी, नवा वर. हे मी आधारविधान म्हणून कोठे लिहिलेसुद्धा नव्हते. लिहिण्याची गरज वाटली नाही. विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगत असे की युक्तिवादाचा आकार निर्दोष असूनही निष्कर्ष खोटा निघू शकतो. उदाहरण म्हणून फळ्यावर काहीतरी हास्यास्पद लिहीत असे. सगळे हसत. तूही हसली असशील.

मागच्या पत्रात आणखी काही गोष्टी मी नीट सांगितल्या नाहीत. चित्रे माझ्या नजरेस पडली नाहीत. फाइलला दोरी बांधलेली होती. ती मी सोडली. तू चहा घेऊन येण्याआधी एकोणीस कागद उलटायचे होते, म्हणून घाईने उलटले. आणि दोन महिने मी विचार केला, असे लिहिले तेही तंतोतंत खरे नाही. निर्णय मी रिक्षातून घरी येतानाच घेतला होता. दोन महिने मी डंपरची वाट पाहत होते. त्या दोन महिन्यांत कौस्तुभ माझ्यासमोर बसून रोज दोन वेळा जेवत होता. त्याला विचारणे अवघड नव्हते. परंतु विचारले असते तर त्याने उत्तर दिले असते, आणि ते मला खोडून काढता आले नसते.

काल मधूला विचारले, तो काठावर बसून काय करत असे. मधू म्हणाला, "शेवाळ काढायचा, बाय. बांबूला आकडा लावून. पानी दिसाया लागलं होतं." खिडकीतून मला पाठच दिसे, हे मी तुला लिहिलेच आहे.

आता ७ फेब्रुवारीची संध्याकाळ. तू त्याला कोपऱ्यावर सोडून पुढे गेलीस, त्यामुळे तुला हे ठाऊक नाही. तो घराच्या बाजूने मागे आला. शेवटचा डंपर नुकताच गेला होता. त्याने चपला काढल्या, मातीवर चालत मधोमध गेला आणि उभा राहिला. मी ओट्यावर होते. त्याने विचारले, "इथे किती खोल होतं, आई?"

मी सांगितले, बारा फूट.

उत्तर अचूक होते. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

गेल्या गुरुवारी मी गासला गेले. का गेले ते सांगता येणार नाही. खोलीला कुलूप आहे. पायरीवर सालोमीआजी बसल्या होत्या. तुझी भावजय म्हणाली, त्या दर गुरुवारी दहाला येतात आणि एकला जातात. आधी त्यांना कोणी ना कोणी घरी पोहोचवत असे, आता कोणी पोहोचवत नाही. त्यांनी मला ओळखले. "टीचर, तुमी बंद केलं ना?" मी हो म्हटले. त्यांनी सरकून पायरीवर जागा केली. "मग आता बसा." मी एकपर्यंत बसले.

चित्रांची मागणी मी मागे घेत नाही. मात्र हक्क म्हणून करत नाही. डिसेंबरनंतर फेब्रुवारीपर्यंतच्या आठ गुरुवारांची आठ चित्रे मी पाहिलेली नाहीत. काठावरचा तो माणूस पुढे काय करू लागला, ते त्या आठ कागदांवर असेल. कौस्तुभने ते पुन्हा पाहिले तर त्याला वाट आठवेल, असे मला वाटते. मला ते पाहायचे आहेत, हेही खरे. या दोहोंपैकी कोणते कारण मोठे, याचा निवाडा माझ्याकडून होत नाही.

यमुना चुरी


बोळिंज
९ नोव्हेंबर २००३

पॉलिन,

तुझी अट मिळून पाच आठवडे झाले. "त्याला विचारा. एकदाच विचारा. तो जे म्हणेल ते तसंच्या तसं मला लिहा. हो म्हणाला तर सगळी फाइल पाठवते. आणि मॅडम, त्याच्या उत्तराला उत्तर देऊ नका."

मी अजून विचारलेले नाही.

कारण सांगते; ते तुला पटावे अशी अपेक्षा नाही. प्रश्न कसा विचारावा याची जुळवाजुळव करत आहे. "चित्रं मागवू या ना?" यात होकार आधीच घातलेला आहे. "तुला तुझी चित्रं परत नकोत का?" यात नकाराची लाज घातलेली आहे. "पॉलिन पाठवते म्हणाली" ही थाप आहे. ज्या प्रश्नात माझे उत्तर आधीच बसलेले नाही, असा एक साधा प्रश्न तयार करायला मला महिना पुरलेला नाही. पस्तीस वर्षांत मी त्याला असा प्रश्न कधी विचारला होता का, तेही आठवून पाहिले. त्याचे वय एकतीस आहे. पस्तीस हा आकडा चुकून पडला, खोडत नाही.

यंदा पावसाचे पाणी घरात आले. पूर्वी सगळ्या वाडीचे पाणी उतरून बावखलात जात असे. आता त्याला जायला जागा नाही. ऑगस्टमध्ये स्वयंपाकघरात घोटाभर पाणी तीन दिवस होते. मधू आणि मी बादल्यांनी उपसत होतो. कौस्तुभ खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता आणि पाण्याकडे पाहत होता. पहिले पत्र मी तुला त्याच आठवड्यात लिहिले. त्या पत्रात याचा उल्लेख केला नव्हता.

डॉक्टरांना मी दुसरे पत्र पाठवले आहे. त्यात माझ्या पहिल्या पत्रातले आठही परिच्छेद मागे घेतले आणि कारण दिले. त्यांनी फोनवर सांगितले की पत्र मिळाले, पण आता तो वर्गच नाही, तेव्हा रुग्ण पाठवायचे कोठे? या प्रश्नातही उत्तर आधीच बसलेले होते.

यमुना चुरी


बोळिंज
१४ डिसेंबर २००३

पॉलिन,

आज सकाळी विचारले.

आम्ही बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होतो. हे एक काम तो न सांगता करतो. परातीच्या त्या बाजूला तो, या बाजूला मी. मधू केळीला पाणी लावत होता, त्यामुळे घरात दुसरे कोणी नव्हते. मी म्हटले, "कौस्तुभ, तुझी चित्रं पॉलिनजवळ आहेत. त्यांचं काय करायचं?"

यापेक्षा कमी शब्दांत तो प्रश्न मला करता आला नाही.

तो सोलत राहिला. आठ-दहा वाल झाले असतील. त्याने हात थांबवला नाही, मान वर केली नाही. आवाज पूर्वीसारखाच आहे; तो बदलला असेल असे मला उगाच वाटत होते.

"तू बघितलीस ना ती," तो म्हणाला. "मग जाळायला सांग."

तुझी अट होती, म्हणून मी उत्तर दिले नाही. अट नसती तर दिले असते. फाइल कोणत्या बाजूने वाचायची ते मला ठाऊक नव्हते, हे सांगितले असते. आता ठाऊक आहे, हेही सांगितले असते. आणि जे मी पाहिलेच नाही त्या आठ कागदांना माझ्या पाहण्याची शिक्षा का, हा मुद्दा मांडला असता. मुद्दा बिनतोड आहे. मी तो परातीवर वाकून, तोंड मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात मांडला आणि तेथेच ठेवला. त्याने उरलेले वाल सोलले, टरफले गोळा केली, हात धुतले आणि आपल्या खोलीत गेला. दुपारी हाक मारल्यावर जेवायला आला. बोलला नाही. जवळजवळ दोन वर्षांनी तो बोलला, म्हणून पुढेही बोलेल, असे अनुमान कोणी काढू पाहील. मी काढत नाही. त्याला सांगायचे होते तेवढे त्याने सांगितले, असे त्याच्या चेहऱ्यावर होते.

हे पत्र मी दुपारी चारपासून लिहीत आहे. आधी एक दुसरे पत्र लिहून झाले होते. त्यात एकच ओळ होती: कौस्तुभ म्हणाला, पाठवा. तू पाठवली असतीस. खोलीत आम्ही दोघेच होतो. पडताळायला कोणी येणार नव्हते. फाइल आली असती, मी ती दोरी न सोडता त्याच्या टेबलावर ठेवली असती, आणि एखाद्या दिवशी त्याने ती उघडली असती आणि काठावरचा माणूस पाहिला असता. त्याचे भले झाले असते. निदान तशी शक्यता होती. या शक्यतेविरुद्ध माझ्याजवळ एकही युक्तिवाद नाही. फक्त ७ फेब्रुवारीलाही नव्हता, एवढे मला आठवले. ते पत्र मी फाडले.

तेव्हा त्याने सांगितले ते तसेच्या तसे कळवते. चित्रे जाळावीत. सगळी, पहिल्या काळ्या कागदापासून. तू एकटीने जाळावीस. दुसऱ्या कोणाला दाखवू नयेस. जाळल्याचे कार्ड टाकावेस, म्हणजे मी त्याला सांगेन. शेवटच्या आठ कागदांवर काय होते, ते त्या कार्डात लिहू नकोस.

मी विचारीन. एखाद्या पत्रात, काहीतरी सबळ कारण देऊन, नक्की विचारीन. तेव्हाही लिहू नकोस.

यमुना चुरी